पुण्यात इन्व्हर्टर घेताना : ट्यूब्युलर बॅटरी की लिथियम?

पुण्यात वीज दोन तऱ्हांनी जाते, आणि बॅटरी निवडण्याआधी आपल्या वाट्याला त्यांतली कोणती अधिक येते, हे पाहून घेणे बरे. पहिली तऱ्हा गुरुवारची. देखभाल-दुरुस्तीसाठी महावितरण बहुधा याच दिवशी पुरवठा बंद ठेवते, आणि महापालिकेचे पाणीही बरेचदा याच वारी बंद असल्यामुळे पुणेकराने गुरुवार मनातून केव्हाच सोडून दिलेला असतो. दुसरी तऱ्हा वळवाच्या पावसाबरोबर सुरू होते. कुठे तारेवर फांदी पडते, कुठे रस्ता खोदताना भूमिगत केबल तुटते, कुठे डीपीवरचा फ्यूज उडतो. वीज तासभर येते, पुन्हा जाते, मध्येच एकच फेज येतो आणि शेजारच्या इमारतीत दिवे लागलेले पाहत आपण अंधारात बसतो. भारनियमनाच्या काळात, 2006 च्या सुमारास, शहरातील कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांच्या आधारे भारनियमन टाळण्याचा जो प्रयोग 'पुणे पॅटर्न' म्हणून गाजला, तेव्हा मुळात वीजच अपुरी होती आणि ती जाण्याला निदान वेळापत्रक होते. आज वीज वाटेत अडते, आणि तिचे वेळापत्रक कोणालाच देता येत नाही.

माझ्या मते बॅटरीची निवड या दुसऱ्या तऱ्हेवर ठरते. साइन वेव्ह, व्हीए (इन्व्हर्टरची क्षमता), वॉरंटी या गोष्टी वाचकांना ठाऊक आहेत असे धरून त्यांत शिरत नाही. सोसायटीचे जनरेटर बहुतेक ठिकाणी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांपुरतेच असते. छतावर सौर पॅनेल असले तरी नेहमीची, बॅटरी नसलेली यंत्रणा मुख्य पुरवठा गेला की स्वतःही बंद होते, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तिची रचनाच तशी असते. तेव्हा घरातील पंखे, दिवे आणि लॅपटॉप यांचा भार शेवटी इन्व्हर्टरवरच येतो.

आमच्या घरी आधी कित्येक वर्षे 150 अँपिअर-तास क्षमतेची ट्यूब्युलर, म्हणजे अधूनमधून पाणी घालावी लागणारी शिसे-आम्लाची बॅटरी होती आणि आता 100 अँपिअर-तासांची लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. कागदावर पहिलीत सुमारे 1.8 युनिट वीज मावते आणि दुसरीत 1.28, त्यामुळे दुकानात उभे राहिल्यावर लिथियमचा सौदा आतबट्ट्याचा वाटतो. मात्र शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता साधारणपणे वीस तास संथपणे वीज काढून मोजलेली असते. तीन-चार पंखे एकदम लावले की तेवढी हाती लागत नाही, आणि दर वेळी ती तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्यही घटते. लिथियममधील बहुतेक सगळी वीज वापरता येते. घड्याळ लावून मोजमाप मी केलेले नाही, पण आमच्या दोन पंखे, चार दिवे आणि एक लॅपटॉप एवढ्या वापरात दोन्ही बॅटऱ्या जवळपास सारख्याच पुरल्या.

ट्यूब्युलरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालण्याची कटकट बहुतेक जण पहिल्यांदा सांगतात. मला ती कधीच फार जाचली नाही. सहा झाकणांवरचे तरंगक खाली गेलेले दिसले की पाणी घालायचे, टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमली की गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावायचे. रविवारची अर्ध्या तासाची कामे. पन्नास-साठ किलोचे ते धूड स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत कुठे ठेवायचे, हा प्रश्न लहान फ्लॅटमध्ये याहून मोठा आहे.

माझा निर्णय झाला तो बॅटरी भरण्याच्या वेळेवरून. घरगुती इन्व्हर्टर ट्यूब्युलर बॅटरीला साधारण पंधरा अँपिअरच्या प्रवाहाने भरतो, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला नुसत्या हिशेबानेच दहा तास लागतात, त्यात शेवटचा टप्पा मुद्दाम संथ ठेवलेला असतो आणि काही वीज उष्णतेत जाते. गुरुवारच्या बंदला हे चालून जाते, कारण रात्रभर वीज असते. जूनमधल्या वादळी आठवड्यात मात्र दुपारी तीन तास वीज गेली, संध्याकाळी दीड तास आली आणि जेवणाच्या वेळी पुन्हा गेली, की बॅटरी निम्मीही भरलेली नसते. मग मध्यरात्री इन्व्हर्टर पिपाणीसारखा वाजू लागतो, कोणीतरी उठून तो बंद करते आणि बाकीची रात्र डास मारण्यात जाते. शिवाय अशी अर्धवट भरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होत जातो, आणि पुढच्या वर्षी ती आणखी लवकर दम टाकते. लिथियमला पंचवीस-तीस अँपिअर सहज मानवतात. ती चार-साडेचार तासांत भरते, आणि मधल्या दीड तासातही पुढचा फेरा निभावण्याइतकी वीज घेऊन ठेवते. अर्धवट भरलेली राहण्याचे तिला काही वाटत नाही.

याचा अर्थ लिथियममध्ये खोट नाही असा नव्हे. किंमत बरीच जास्त आहे. तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहत असल्याने साध्या इन्व्हर्टरवरील निर्देशकाला ती कधी संपत आली आहे हे नीट कळत नाही, आणि आतील संरक्षक सर्किट वीज तोडते तेव्हा ती एकदम तुटते. ट्यूब्युलर बिघडली तर नाक्यावरचा बॅटरीवाला आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घालून दोन मिनिटांत निदान करतो आणि जुनी घेऊन नवीवर चांगली सूट देतो. बंद पेटीतील लिथियमसाठी कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. ज्यांच्याकडे गुरुवार सोडला तर वीज क्वचितच जाते, त्यांनी ट्यूब्युलरच घ्यावी, असे मी संकोच न करता म्हणेन.

ज्यांचा कौल लिथियमकडे आहे, त्यांनी विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : इन्व्हर्टरमधला चार्जर किती अँपिअरचा आहे? जुन्याच इन्व्हर्टरला लिथियम जोडली आणि त्याचा चार्जर पंधरा अँपिअरचाच असला, तर ज्यासाठी जादा पैसे मोजले ते झटपट भरणे मिळतच नाही. शिवाय त्या इन्व्हर्टरमध्ये लिथियमसाठीची सोय नसेल तर त्याचा भरण्याचा दाबही तिला जुळत नाही.

दोन्हीपैकी काहीही घेण्याआधी मुख्य खोल्यांतले पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे, करून घ्यावेत, असेही सुचवतो. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास. एवढ्यानेच बॅटरी कितीतरी अधिक पुरते. घरून काम करणाऱ्यांनी राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस वेगळा ठेवावा, आणि इंटरनेटवाल्याची जी पेटी पार्किंगमध्ये भिंतीवर असते तिला जनरेटरची जोडणी आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारून घ्यावे. ती नसेल तर घरातील कोणतीही बॅटरी मीटिंग वाचवू शकत नाही.