बिलावर गिअरबॉक्सचं नवं तेल, गिअरबॉक्समध्ये जुनंच

ऑटोमॅटिक गाडी असणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

हायवेवर ७०-८० च्या वेगात ॲक्सिलरेटर हलका धरला की माझी गाडी थरथरायची, रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखी. एक-दोन सेकंदांत थांबायची, परत सुरू व्हायची. पाय पूर्ण काढला की काहीच नाही. गॅरेजवाल्याला मी हे असंच सांगितलं आणि स्वतः चालवून बघा म्हटलं. त्याने गाडी जागेवरच रेस केली आणि इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, गेलंय म्हणाला. मग ॲक्सल, मग लोअर आर्म. प्रत्येक वेळी बिल, आणि थरथर जिथल्या तिथे. शेवटच्या बिलात गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचेही पैसे लावले होते. तरीही फरक नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "आता गिअरबॉक्सच उघडावा लागेल."

तिथून गाडी काढली आणि दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. तो आधी शेजारी बसला, स्कॅनर लावला. प्लग किंवा कॉइल खराब असली तरी गाडी अशीच हिसके देते, पण मिसफायर, म्हणजे इंजिनात इंधन नीट न पेटणं, शून्य होते. मोकळ्या रस्त्यावर ८० ला क्षणभर न्यूट्रल करायला लावलं. थरथर गेली, म्हणजे चाकांचा दोष नाही. मग वेग स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करायला सांगितला, जेमतेम ब्रेकलाइट लागेल इतका. आरपीएमचा काटा किंचित वर गेला आणि थरथर तत्क्षणी बंद! टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग. त्यातला लॉकअप क्लच स्थिर वेगात जोडलेला असतो आणि दोघांना थेट जखडतो, ब्रेकला पाय लागताच सुटतो. तेल जुनं झालं की तोच क्लच नीट पकडत नाही आणि गाडी थरथरते.

गाडी वर घेतली तेव्हा खरी चीड आली. गिअरबॉक्सच्या ड्रेन बोल्टवर जुन्या मातीचा थर तसाच होता, पान्याची खूणही नाही. आतून काळं, जळका वास येणारं तेल निघालं. 'नवीन' माउंटिंग जुनंच होतं, वरून काळा स्प्रे मारलेला, रंग बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा.

एकदा सोडल्याने सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल भरून, गाडी चालवून, पुन्हा बदललं. थरथर थांबली.

पहिल्या गॅरेजमध्ये जाऊन काढलेले पार्ट मागितले. "भंगारात गेले," एवढंच उत्तर. म्हणून पैसे देण्याआधी जुने पार्ट डिकीत ठेवून घ्या आणि तेल तुमच्यासमोर सोडायला लावा, तो हक्क तुमचा आहे. तुमचं स्टीअरिंग ८०-१०० च्या दरम्यान थरथरत असेल आणि न्यूट्रलमध्येही थांबत नसेल, तर आधी टायर आणि व्हील बॅलन्सिंग तपासून घ्या. त्याआधी कोणालाही गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.