ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: कोड वाचतो झकास, पण एक स्विच द्यायला काय हरकत होती?

गणपतीला ११ दिवस गावी होतो. रेल्वेने गेलो, गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. परत येऊन चावी फिरवली तर नुसतं टक-टक-टक. वाकून स्टिअरिंगखाली बघितलं तर स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणाऱ्या डबीचा, लाल दिवा मिणमिणत होता. जाताना तो काढायचा राहिला होता.

हा ज्यात लागतो त्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट करंट असतो, गाडी बंद असली तरी. स्कॅनर लावून ठेवला की तो रात्रंदिवस चालूच. मल्टिमीटर लावून मोजलं: ४५ मिलिअँप. म्हणजे दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर, ११ दिवसांत १२. माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, तीन वर्षं जुनी, शिवाय गाडीचं स्वतःचं थोडं खाणं असतंच. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन चालू केली, पण बॅटरी पुन्हा धरेना. ४२०० रुपये गेले. स्कॅनर ६५० चा. या वस्तूवर एक साधा स्विच असता तर हे पैसे वाचले असते, आणि आठ महिने वापरूनही माझा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीवर आहे.

तरी मी तो फेकलेला नाही. का, ते सांगतो.

जानेवारीत चेक इंजिनचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने कोड काढला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. ‘ऑक्सिजन सेन्सर बदलावा लागेल,’ एवढंच सांगून ७८०० चं एस्टिमेट हातात दिलं. मी हा स्कॅनर मागवला, घरी लावला, तोच कोड आला. तेव्हा वाटलं, कोड कळला म्हणजे काम झालं. बाहेरून सेन्सर आणून ३२०० मध्ये बसवला, कोड उडवला. नवव्या दिवशी दिवा परत हजर.

इथे माझं मत बदललं. इंजिनच्या कॉम्प्युटरला एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडून ‘हवा जास्त आहे’ असा निरोप येतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत नेतो, आणि वाढवायची हद्द संपली की दिवा लावतो. निरोप्याला बदलून काय होणार? कारण अजून शोधायचंच असतं.

त्यासाठी कामाला आलं ॲपमधलं फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. हे आकडे कोडपेक्षा कितीतरी मोलाचे आहेत, आणि ज्यांच्याकडे स्कॅनर आहे त्यांनी आजच उघडून बघावेत. चांगल्या गाडीत लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास, पाचेक टक्के इकडेतिकडे. माझ्याकडे आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) १९ टक्के, आणि २५०० आरपीएमला ७. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर लोड पडल्यावर आकडा वाढला असता. इथे उलट होतं, म्हणजे कुठूनतरी हवा शिरत होती. पण माझ्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजणारा एअरफ्लो सेन्सर नाही, इनटेकमधला (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातला) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. इनटेकला गळती असती तर ती हवा मॅपला कळली असती आणि आयडल चढलं असतं. आयडल तर ठीक होतं.

आमच्या हडपसरच्या गॅरेजवाल्या काकांना आकडे दाखवले. ते म्हणाले, ‘साहेब, गाडी सकाळी थंड असताना आणा. तापलेल्या गाडीत आवाज लपतो.’ दुसऱ्या दिवशी सातला स्टार्ट केली, बॉनेट उघडं. टिक-टिक-टिक, मिनिटभरात कमी होत गेलेलं. त्यांनी टॉर्च मारली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटपाशी काजळीचा बोटभर काळा पट्टा. सेन्सरच्या आधीच बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. गॅस्केट ३५०, मजुरी ९००. ट्रिम ३ टक्क्यांवर आलं, दिवा अजून लागलेला नाही. माझा जुना सेन्सर मात्र धडधाकट असताना भंगारात गेला.

मेमध्ये खंबाटकी चढताना गाडी थरथरायला लागली आणि दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकणारा दिवा वेगळा, हे नीट लक्षात ठेवा: न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचं वाटोळं करतं. पाय काढून हळू बाजूला घेतली. कोड पी०३०३, तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. इंजिन गार झाल्यावर तिसरी आणि दुसरी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आपसात बदलल्या, कोड उडवला, थोडं चालवलं. आता पी०३०२. दोष कॉइलबरोबर सरकला म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉइलच. एकच आणली, १६५० ला. चारही बदलायचा सल्ला फोनवर मिळाला होता.

बाकी थोडक्यात. एबीएस आणि एअरबॅगचे कोड हा वाचत नाही. कोड उडवण्याआधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्याच. दिवा लागला त्या क्षणीचं तापमान, आरपीएम, लोड त्यात असतं आणि उडवलं की तेही जातं. एप्रिल २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ आहे, तरी स्वस्त स्कॅनर प्रत्येक गाडीशी बोलेलच असं नाही. हे बहुतेक सगळे कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सच्या ईएलएम३२७ चिपच्या नकला, त्यामुळे डबीवरच्या व्हर्जनवर विसंबू नका. मित्राने ३५० चा घेतला, त्याच्या गाडीला जोडलाच जाईना.

काल २८० रुपयांची स्विचवाली एक्स्टेन्शन केबल लावली. ती सॉकेटमध्ये कायम राहते, स्कॅनर तिच्या टोकाला, आणि गाडी बंद केली की बटण दाबायचं. बनवणाऱ्यांनी हे बटण डबीवरच दिलं असतं तर मी वर १०० रुपये आनंदाने मोजले असते.