नाशिककरांना ४० टक्के सूट! पण नाशिककर कोण, ते गेटवर कळतं

शहराबाहेरच्या एका वॉटर पार्कने आम्हाला ३,४०० रुपयांना कापलं. नाव लिहीत नाही, प्रकरण पुढे न्यायचंय. सुट्टीत पोरांना नेणार असाल तर वाचा.

जाहिरात मराठीत, ठळक: नाशिककरांना ४० टक्के सूट, १,२०० चं तिकीट ७२० ला. आम्ही पाच जण, ३,६०० भरले. पिनकोड विचारला, आमचा भगूरचा, ४२२ ने सुरू होणारा टाकला, लगेच हिरवी खूण. पैसे कापल्यावर आलेल्या मेसेजच्या तळाशी एक ओळ होती: ‘स्थानिक पात्रतेची पडताळणी प्रवेशद्वारावर.’ तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. पण पिनकोड पाहून पैसे घेतलेत, आता आणखी काय पडताळणार? कुणालाही हेच वाटलं असतं.

गेटवरच्या पोराने आधार पाहिलं. “काका, भगूर चालत नाही.” अटींत ‘स्थानिक’ म्हणजे फक्त महापालिका हद्दीतला. भगूरला नगरपरिषद आहे ना! तालुका नाशिक, जिल्हा नाशिक, गाडी एमएच १५, आणि आम्ही परके. त्या अटी अर्थात इंग्रजीत.

४८० चा फरक असता तर चरफडत भरला असता. यांनी फरक लावला काउंटरच्या १,४०० च्या दराने. माणशी ६८०. मागे फिरलो तर ३,६०० बुडाले, परतावा नाही. एकूण ७,००० गेले. कल्याणहून येऊन कुणी साधं ऑनलाइन तिकीट काढलं असतं तर पाच जणांचे ६,००० झाले असते! वर आईला ज्येष्ठांची सवलतही नाही, का तर ‘बुकिंग स्थानिक गटात आहे’. पोरं पिशव्या घेऊन आत बघत उभी. कोण बाप मागे फिरेल? त्यांचा धंदाच त्यावर चालतो.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, “आत गेलात ना? मग फसवणूक कसली?” अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला. एका सरकारी कार्यालयात खालच्या टेबलाने वर पाठवलं, वरच्याने ‘ऑनलाइन आहे, सायबरला जा’ म्हणून कटवलं, सायबरवाला म्हणे ओटीपी तुम्हीच दिलात. आणि प्रत्येकाचं पालुपद एकच: अटी वाचायच्या ना! यांच्यापैकी एकाने तरी आयुष्यात अटी वाचल्यात का? पगार कशाचा घेतात हे लोक?

जाहिरातीचा आणि पिनकोडच्या हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट पैसे भरण्याआधीच काढा. आता त्या पानावर ‘मनपा हद्द’ ठळक छापलंय, माझ्याकडे जुनं काहीच नाही. देवळाली कॅम्प, ओझर, सिन्नरवाल्यांनी तर आधी फोन करून लेखी उत्तर मागवा. गेटवर जादा पैसे भरावेच लागले तर पावतीवर ‘हरकत नोंदवून’ असं लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन विक्रीतल्या असल्या लपवाछपवीविरुद्ध केंद्राची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती तक्रारीला जोडा. मी जोडतोय.

आणि हो, पार्किंगचे १०० वेगळे घेतले. पावती मागितली तर म्हणे मशीन बंद आहे.