एडिनबराचा किल्ला आणि आर्थर्स सीट: तिकीट किल्ल्याचं, पैसा वसूल डोंगरावर

आधीच सांगतो, एडिनबरा कॅसलला जाताना डोक्यातून राजवाडा काढून टाका. झुंबरं, सोनेरी छत असलं काही शोधत गेलात तर वीस पौंडाच्या आसपासचं तिकीट चांगलंच टोचेल. पण गडावर पोचल्या पोचल्या पाण्याचं टाकं कुठंय विचारणाऱ्या जमातीतले असाल तर बिनधास्त जा. आम्ही ग्लासगोहून मित्रमंडळी गेलो, ट्रेनने तासाभरात वेव्हर्ली स्टेशन आणि तिथून चढ चढत वर. तिकीट ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं, आणि स्लॉट सकाळी साडेनऊचाच घ्या कारण नंतर टूरवाल्यांची जी झुंबड उडते त्यात धड उभंही राहता येत नाही.

जागा मात्र तोडच नाही. विझलेल्या ज्वालामुखीचा काळा कातळ, तीन बाजूंनी कडे, चढायला वाट फक्त पूर्वेकडून. 1314 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा सरदार रँडॉल्फ, त्याची तीसेक माणसं रात्री उत्तरेचा कडा चढून आली आणि इंग्रजांकडून किल्ला घेतला, हे वाचलं आणि आमचा कोल्हापूरचा मित्र जो कोंडाजी फर्जंद, साठ मावळे आणि पन्हाळ्यावर सुरू झाला तो काही केल्या थांबेना. पुढचा भाग मला जास्त भारी वाटला. ब्रूसने घेतलेला किल्ला चक्क पाडून टाकला, इंग्रजांना परत वापरता येऊ नये म्हणून, आणि सेंट मार्गारेटचं चॅपल तेवढं ठेवलं. बाराव्या शतकातलं हे चॅपल शहरातली सगळ्यात जुनी इमारत आहे, इतकं छोटं की आत वीसेक माणसं शिरली तर संपलं.

आणि हो, पाणी! 1573 च्या वेढ्यात तोफांनी डेव्हिड्स टॉवर कोसळला, त्याच्या राड्यारोड्याने विहीर बुजली आणि किल्ला पडला. विहीर अजून बघता येते पण लोक न बघता पुढे जातात, सगळ्यांना घाई राजमुकुटाच्या खोलीची. तिथली रांग मोठी, फोटो काढू देत नाहीत, आणि जुन्या व्हिडिओत दिसणारा राज्याभिषेकाचा दगड, स्टोन ऑफ डेस्टिनी, 2024 पासून पर्थच्या म्युझियममध्ये गेलाय, तेव्हा त्यासाठी जाणार असाल तर जाऊ नका. त्यापेक्षा मॉन्स मेग तोफ बघा, 1449 ची, दीडशे किलोचा दगडी गोळा फेकायची, आणि तिला रांगही नाही.

दुपारी एकची तोफ चुकवू नका. बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून 1861 पासून उडवतात, रविवारी नाही. आवाज होणार हे माहीत असूनही आम्ही सगळे दचकलो. बाहेर पडताना समोरच्या मोकळ्या मैदानात, एस्प्लनेडवर, 78 व्या हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीचं स्मारक आहे, एक मोठा क्रॉस आणि त्यावर कोरलेला हत्ती. स्मारक 1857-58 च्या भारतातल्या उठावात मेलेल्या त्यांच्या सैनिकांचं, पण हत्ती हे त्या पलटणीचं चिन्ह आलं असईच्या लढाईवरून, म्हणजे 1803, आपला जालना जिल्हा, समोर शिंदे-भोसल्यांच्या फौजा. स्कॉटलंडमध्ये असई भेटेल असं वाटलं नव्हतं, थोडं कसंतरीच झालं खरं.

मग किल्ल्यापासून खाली जाणारा रॉयल माइल हा रस्ता उतरत थेट होलीरूड पार्क. इथून पुढे सगळं फुकट! आर्थर्स सीट 251 मीटर, म्हणजे सह्याद्रीवाल्यांना हसू येईल, पण कमी लेखू नका. सेंट अँथनीज चॅपलच्या पडक्या भिंतींजवळून गवताळ घळीतून वाट जाते, आरामात पाऊण-एक तास लागतो, शेवटी दगडी पायऱ्या आणि माथ्यावर लाखो बुटांनी गुळगुळीत केलेला बेसॉल्ट. पाऊस पडून गेला असेल तर बसून उतरावं लागतं, त्यामुळे ग्रिपचे बूट हवेतच, पांढरे स्नीकर्स घालून आलेल्या एकाचं काय झालं ते त्याच्याच विनंतीवरून लिहीत नाही. वाऱ्याचं तर विचारूच नका, टोपी हातात धरून उभं राहायचं. वर टॉयलेट नाही, टपरी नाही, पाणी खालूनच न्या. आम्ही पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती एका दगडाच्या आडोशाला बसून खाल्ली.

माथ्यावरून एका बाजूला फर्थ ऑफ फोर्थचं पाणी, दुसऱ्या बाजूला पेंटलंडच्या टेकड्या, आणि मधे शहरातून वर आलेला तो सकाळचा किल्ला. आत फिरताना भिंतीच भिंती दिसतात, वेढा घालणाऱ्याला काय दिसत असेल ते इथून कळतं. म्हणून क्रम हाच ठेवा, आधी किल्ला मग डोंगर.

माझ्याकडून किल्ल्याला 5 पैकी साडेतीन, अर्धा गर्दीचा आणि एक तिकिटाचा कापला. डोंगराला पाच. जवळचा स्टर्लिंग कॅसल पण करणार असाल तर एक्सप्लोरर पासचा हिशोब आधी करून बघा, त्यात दोन्ही येतात, आणि गुडघ्याचा त्रास असलेलं कोणी बरोबर असेल तर त्यांच्यासाठी डन्सापी तळ्याकडून चढायची वाट सोपी आहे.