ख्याल ऐकायला सीडी ठेवावी की स्ट्रीमिंगवर भागवावं?

ॲपल म्युझिकनं जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेलं संगीत, दिलं. स्पॉटिफायनंही सप्टेंबर २०२५ पासून ते आणायला सुरुवात केली. तेव्हापासून ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं, घरातल्या शास्त्रीय संगीताच्या सीड्या आता देऊन टाकू का? मी एकदा निम्म्या देऊन टाकल्या होत्या. त्यातल्या काही पुन्हा शोधून विकत आणल्या, म्हणून सांगतोय.

आवाजाचं म्हणाल तर लॉसलेस सीडीच्या बरोबरीचं, कधी वरचढही. पण मूळ ध्वनिमुद्रण सत्तरच्या दशकातल्या टेपवरचं असेल, तर माझ्या स्पीकरवर माझ्या कानांना तरी फरक लागत नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा नाद, दोन्हीकडे तितकीच खुलते. ब्लूटूथवर ऐकणार असाल तर हा प्रश्न सोडूनच द्या, तिथे आवाज बहुतेकदा पुन्हा आवळला जातो. सोयीत स्ट्रीमिंगच पुढे. रात्री अकराला केदार राग ऐकावासा वाटला की चार घराण्यांचा केदार समोर येतो. शिवाय मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, सीड्या चाळत तासभर उभं राहावं अशा जागा उरल्यात कुठे?

माझं अडलं ते एका नावापाशी.

माझे काका तरुणपणी तबला वाजवायचे. एका संध्याकाळी फोनवरून विलंबित (संथ) एकतालातला एक ख्याल लावला होता. एका आवर्तनात तबलजींनी ठेका जरासा भरला आणि इतक्या अलगद समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले, की काकांचा मांडीवरचा हात थांबला. "तबल्यावर कोण रे?" मी फोन उचलला. गायिकेचं नाव होतं, रागाचं होतं. श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून 'पारंपरिक'. तबला नाही, संवादिनी नाही. साल दाखवलं होतं २००७, आणि गायिकेला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झालेली. तीच सीडी मी देऊन टाकली होती.

ख्याल एकट्याचा नसतो. भीमसेन जोशींच्या मागे नाना मुळ्यांचा ठेका आणि वालावलकरांची पेटी, कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकरांचा तबला, ही नावं कळली की ऐकणंच बदलतं. पुढच्या वेळी कान आपोआप डाव्या-उजव्याकडे जातो. सीडीतल्या चार पानी पुस्तिकेत, पिन गंजलेली असली तरी, बहुतेकदा हे छापलेलं असतं. सगळ्याच कंपन्यांनी तेवढी काळजी घेतली असं नाही, आणि नव्या ध्वनिमुद्रणांत ॲपवरही साथीदारांची नावं दिसू लागली आहेत. तुम्ही मुख्यतः नवीन कलाकार ऐकत असाल तर स्ट्रीमिंग पुरेल, असं मला वाटतं.

जुन्यांसाठी मात्र मी सीडीच म्हणेन. ती लॅपटॉपवर उतरवून घ्या; त्याला सीडी ड्राइव्ह नसेल तर बाहेरून जोडायचा घ्या. सीडी उतरवणारं 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट मिळतं. त्यानं फ्लॅक (लॉसलेस प्रकारच्या) फाइल्स करा, त्या मूळ आकाराच्या साधारण निम्म्यात बसतात. आणि पुस्तिका शेजारी ठेवून साथीदारांची नावं फाइलच्या टॅगमध्ये (माहितीच्या रकान्यांत) स्वतः भरा. एका सीडीला दहा मिनिटं लागतात.

जुनी सीडी विकत घेताना भाव विचारण्याआधी डबी उघडा. चकतीवरचे बारीक चरे बहुतेक प्लेअर सांभाळून घेतात. आतली पुस्तिका नसेल तर मी ती परत ठेवतो.