‘ट्रॅकसाइड पास’ देणारी छायाचित्रण कार्यशाळा: फसवणुकीचा अनुभव

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेतली शर्यत झाली. तिच्या काही महिने आधी समाजमाध्यमांवर एक जाहिरात फिरत होती. मोटरस्पोर्ट छायाचित्रणाचे ऑनलाइन वर्ग, त्यानंतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर प्रत्यक्ष सराव आणि मुख्य शर्यतीच्या दिवशी प्रेक्षकांपुढील सुरक्षा जाळीच्या आत उभे राहून छायाचित्रे काढण्यासाठी ‘ट्रॅकसाइड पास’, असे तिचे स्वरूप होते. एकूण शुल्क १८,५०० रुपये होते. त्यातील ६,००० शिकवणीचे आणि उरलेले ‘पास प्रक्रिये’चे, असे सांगितले गेले. मी पुण्याहून नाव नोंदवले. ही हकीकत तपशिलाने लिहितो आहे, कारण पुढच्या प्रत्येक मोठ्या शर्यतीच्या आधी अशाच जाहिराती पुन्हा येणार आहेत.

या फसवणुकीची रचना विचारपूर्वक केलेली होती. सुरुवातीचे वर्ग खरोखर झाले आणि त्यांत सांगितलेले चुकीचेही नव्हते. शटर सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा जलद ठेवले की चाकांच्या आऱ्या गोठतात आणि धावती मोटारसायकल उभी केल्यासारखी दिसते. तेच शटर सव्वाशांश किंवा साठांश सेकंदावर आणून, कमरेतून वळत कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, म्हणजे पॅनिंग केले, तर पार्श्वभूमी रेषांमध्ये विरते आणि गाडी स्पष्ट राहते. बटण दाबल्यानंतरही कॅमेऱ्याची गती थांबवायची नसते. हे सारे कुठेही विनामूल्य शिकायला मिळते, परंतु ते ऐकताना समोरचा माणूस जाणकार आहे असा विश्वास बसतो. पासाचे पैसे याच विश्वासाच्या बळावर मागितले गेले.

प्रेक्षकांच्या बाजूने छायाचित्रे काढताना सुरक्षा जाळी मधे येते, तिचे काय करावे, असा प्रश्न एका सहभागीने विचारला. “तुम्हाला पास मिळणार आहे, जाळीचा विचारच करू नका,” असे उत्तर मिळाले. वास्तविक सर्वसामान्य तिकिटावर जाणाऱ्या छायाचित्रकाराला सर्वांत आधी हेच शिकवायला हवे. शक्य तितके जाळीजवळ उभे राहावे, लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडे ठेवावे आणि फोकसचा बिंदू लहान ठेवून तो दूरच्या वळणावर रोखावा. मग तारा बऱ्याच अंशी दिसेनाशा होतात. ज्याने शर्यतीत एक दिवस जरी घालवला आहे, तो हा प्रश्न असा उडवून लावणार नाही.

त्यानंतर प्रशिक्षकाने सहभागींच्या ऑनलाइन गटावर आपली म्हणून काही छायाचित्रे पाठवली. त्यांतले एक २०१३ च्या इंडियन ग्रांप्रीचे असल्याचे त्याने सांगितले. आमच्यातील नाशिकच्या एका ज्येष्ठ सहभागींनी ते मोठे करून पाहिले, तर त्या फॉर्म्युला वन गाडीवर ‘हेलो’ होता. चालकाच्या डोक्याभोवतीची ही संरक्षक कमान २०१८ पासून सक्तीची झाली, आणि बुद्ध सर्किटवरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत २०१३ मध्येच झाली होती. त्यांनी हे शांतपणे गटावर मांडले आणि थोड्याच वेळात त्यांना गटातून काढून टाकण्यात आले. त्यांनी मला फोन करून सावध केले, तोवर बहुतेकांचे पूर्ण पैसे गेले होते.

पुढचे सारे झपाट्याने घडले. चेन्नईचा सराव ‘ट्रॅक उपलब्ध नाही’ म्हणून रद्द झाला. शर्यतीच्या आठवड्यात ‘पास’ म्हणून एक पीडीएफ आली आणि छायाचित्रकारांच्या विशेष जाकिटासाठी आणखी ५,००० रुपये परत मिळणारी अनामत म्हणून मागण्यात आले. ती मी दिली नाही. ज्यांनी दिली, त्यांतील काहींना प्रवेशद्वारावरून परत पाठवले गेले, कारण पीडीएफवरच्या क्यूआर कोडमधून केवळ एक चित्र उघडत होते. रेल्वेचे भाडे, राहण्याचा खर्च आणि भाड्याने घेतलेली लेन्स यांचा भुर्दंड त्यांना वेगळा बसला. पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे साठवून आलेली एक मुलगी त्यांत होती, याचे मला आजही फार वाईट वाटते.

माध्यमांचा पास विकत मिळत नाही, एवढी एक गोष्ट माहीत असती तर या जाहिरातीला कोणी दारातही उभे केले नसते. मोटोजीपी असो वा फॉर्म्युला वन, अशी अधिस्वीकृती वृत्तपत्र, नियतकालिक किंवा छायाचित्र संस्था यांच्या कामासाठी, रीतसर अर्ज तपासून दिली जाते. ती त्या व्यक्तीच्या नावाची असते आणि दुसऱ्याला देता येत नाही. कार्यशाळेचा आयोजक ती वाटू शकत नाही. कोणी प्रशिक्षक आपली छायाचित्रे दाखवत असेल, तर ती उलट प्रतिमाशोधात, म्हणजे चित्र देऊन ते आणखी कुठे आहे हे शोधणाऱ्या सोयीत, टाकून पाहावीत, मूळ फाइल मागावी, आणि जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाच्या नावाने आहे ते तपासावे. पॅनिंगचा हात बसवण्यासाठी कोणताही पास लागत नाही. वाहत्या रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभे राहून जाणाऱ्या दुचाकींवर तो रोज बसवता येतो.

आम्ही काही जणांनी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्याचे लक्षात येताच तक्रार झाली तर संबंधित खाते गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून व्यवहार क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ पुसून टाकू नये. याच कार्यशाळेत ज्यांचे पैसे गेले आहेत, त्यांनी रक्कम लहान असली तरी स्वतःच्या नावाने स्वतंत्र तक्रार करावी आणि पैसे ज्या यूपीआय ओळखीवर पाठवले ती त्यात अवश्य लिहावी. आमच्यापैकी वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळ्या ओळखींवर पैसे घेतले गेले आहेत आणि त्या सर्व तपास अधिकाऱ्यांसमोर एकत्र येणे गरजेचे आहे.