कर्सर उड्या मारतोय म्हणून कस्टमर केअरला फोन लावला आणि ४६,८०० गेले

मी सांगलीत घरूनच डीटीपीचं काम करते, जास्त करून लग्नपत्रिका. जे घडलं ते लिहायला तीन आठवडे धीर होत नव्हता, पण परवा ओळखीतल्या एका ताईंचा फोन आला की त्यांच्या लॅपटॉपवर कर्सर आपोआप पळतोय आणि त्या गुगलवर नंबर शोधतायत, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

दिवाळीला टेबलावर नवीन काच करून घेतली. काचेखाली पत्रिकांचे नमुने लावले, म्हणजे गिऱ्हाईक आलं की बसल्याबसल्या बघून सांगतं हा डिझाइन द्या तो द्या. जुनं माउसपॅड कडेने उसवलं होतं आणि नमुन्यांवर झाकण बसल्यासारखं व्हायचं म्हणून काढून टाकलं. तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू झाली आणि कर्सरने त्रास द्यायला सुरुवात केली. कोरलड्रॉमध्ये वरचा गणपती जरासा वर घ्यायला जावं तर कर्सर तडक उडून खाली मुहूर्ताच्या ओळीवर, कधी माउस हलवला तरी जागचा हलायचा नाही आणि मग एकदम कोपऱ्यात. पोर्ट बदललं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, माउस कापडाने पुसला, काही फरक नाही. पाच पत्रिका थांबलेल्या, त्यातली एक त्याच संध्याकाळी छपाईला द्यायची होती.

गुरुवारी सकाळी साडेअकराला माउसच्या कंपनीचं नाव टाकून पुढे कस्टमर केअर नंबर असं सर्च केलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. नंतर कळलं की तो कंपनीचा नंबर नव्हताच, असे नंबर कुणीही जाहिरात देऊन वर आणू शकतं. मी खाली जाऊन कंपनीची वेबसाइट उघडून तिथला नंबर बघितला नाही. माउसच्या खोक्यावरही नंबर होता, आणि खोकं माळ्यावरच होतं.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता, अगदी शांत आणि आदराने. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम तुमचा माउस एकदम ठीक आहे, तुमचा कर्सर दुसरं कोणीतरी हलवतंय. हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे फोटो, पत्ते, आमचं नेटबँकिंग सगळं. मग त्याने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर बघू आणि चालवू देणारं सॉफ्टवेअर, डाउनलोड करायला लावलं आणि त्यात आलेला नंबर विचारला, मी तो वाचून दाखवला आणि अ‍ॅक्सेप्टवर क्लिक केलं. (त्या सॉफ्टवेअरचा यात दोष नाही, ऑफिसातले लोक रोज वापरतात. पण रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना त्याच्या अशा वापराबद्दल सावध केलं होतं हे मला आत्ता कळलं.)

पुढे त्याने जे दाखवलं ते नीट वाचा, कारण दुसऱ्यांनाही हेच दाखवतात. आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडलं, त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी, म्हणे हे सगळे व्हायरस. नंतर काळी खिडकी उघडून नेटस्टॅट टाइप केलं, नंबरांच्या ओळी आल्या, म्हणे हे बघा बाहेरच्या देशातले लोक तुमच्या मशीनला जोडलेत. मी घाबरून सगळ्याला हो हो म्हणत गेले. आता माहीत आहे की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल-पिवळ्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतातच, एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला तरी तिथे नोंद होते, आणि नेटस्टॅटमधल्या ओळी म्हणजे आपण इंटरनेट वापरत असतो त्याचीच जोडणी, ब्राउझर उघडा असला तरी दिसतात.

मग म्हणाला की सिक्युरिटी रजिस्ट्रेशनचे फक्त १० रुपये भरा, ते पण परत मिळतील. त्याच कॉम्प्युटरवर मी नेटबँकिंग उघडलं, युजरनेम, पासवर्ड, सगळं त्याच्या समोर. स्क्रीन काळी झाली, म्हणे स्कॅनिंग चालू आहे हात लावू नका, आणि मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा. दोन ओटीपी आले, दोन्ही सांगितले. ते मेसेज अजून मोबाइलमध्ये आहेत. पहिल्यात नवीन बेनिफिशियरी (ज्याला पैसे पाठवायचे तो) अ‍ॅड करण्यासाठी असं स्वच्छ लिहिलंय, दुसऱ्यात रुपये ४६,८०० लिहिलंय, आणि मी दोन्ही वेळेला फक्त सहा आकडे शोधले आणि वाचले, अलीकडचं पलीकडचं काही बघितलंच नाही. सव्वाबाराला फोन कट झाला. पाच मिनिटांत बँकेचा मेसेज.

मी लगेच कोणाला सांगितलं नाही. आमचे हे कुपवाड एमआयडीसीत कामाला, ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला काढलेले, त्यांना काय तोंडाने सांगायचं असं वाटत राहिलं. त्या माणसाला पंधरा-वीस वेळा फोन लावला, तो उचलेना. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता यांना सांगितलं, आणि एक शब्द न बोलता त्यांनी आधी बँकेचं खातं ब्लॉक केलं आणि मग १९३० ला फोन लावला. तो सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर ऑनलाइन तक्रारही करता येते. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले ते पुढच्या बँकेला कळवून तिथे जेवढे शिल्लक असतील तेवढे अडवतात. माझे ११,२०० अडकले, बाकीचे तोपर्यंत पुढे कुठेकुठे गेले होते. गुरुवारी दुपारी साडेबाराला फोन केला असता तर कदाचित जास्त वाचले असते, हे माझ्या मनातून जात नाही. लाजेने गप्प बसलेली कुणी बाई हे वाचत असेल तर आत्ता उठ आणि फोन लाव.

बँकेने भरपाई नाकारली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांत आहे की ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं.

आणि कर्सर? शनिवारी शेजारच्या काकूंचा मुलगा आला, तो कॉम्प्युटर रिपेअरिंग शिकतोय. त्याला मी फॉरमॅट मारायला बोलावलं होतं. त्याने टेबलाकडे बघितलं, स्टुलावरचा पेपर उचलून काचेवर घडी करून ठेवला आणि त्यावर माउस फिरवला. कर्सर लोण्यासारखा चालला. पेपर काढला, परत उड्या. पेपर ठेवला, ठीक. मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले.

माउसच्या पोटात लाल दिवा असतो ना, त्याच्या शेजारी एक बारीक कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारोंनी फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून माउस किती सरकला ते ठरवतो. स्वच्छ काचेवर त्याला धरायला काही खूणच सापडत नाही, उजेड आरपार जातो, खालची रंगीत पत्रिका त्याला धूसर दिसते, मग तो भलतीच दिशा सांगतो. त्या मुलाने अजूनही सांगितलं, भिंगाच्या भोकात केस अडकला तरी असंच होतं, वायरलेस असेल तर सेल उतरलेला असतो किंवा डोंगल (माउसचा कॉम्प्युटरला लावायचा छोटा तुकडा) यूएसबी ३ च्या हार्डडिस्कला चिकटून लावलेला असतो, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच टचपॅड बिघडत असेल तर अर्थिंग बघायचं. टचपॅड वर फुगल्यासारखा दिसला तर मात्र लॅपटॉप बंद करून सरळ दुकानात न्यायचा, खालची बॅटरी फुगलेली असू शकते. त्या ताईंना मी हेच विचारलं, त्यांचा चार्जर तीन पिनचा असून दोन पिनच्या प्लगमध्ये खोचलेला निघाला.

माझा कर्सर खरोखर दुसऱ्या कोणी हलवला तो गुरुवारी त्या पाऊण तासात, मी अ‍ॅक्सेप्ट दाबल्यावर. त्याआधी कोणीच नव्हतं.

एनीडेस्क काढलं, विंडोज नव्याने टाकून घेतलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. गेल्या सोमवारी वेगळ्याच नंबरवरून एका बाईचा फोन आला, म्हणे तुमचे पैसे रिफंड करायचेत, एक अ‍ॅप टाका, आणि तिला ४६,८०० हा आकडा बरोब्बर माहीत होता. मी नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि मंगळवारी सायबर पोलिसांत जाऊन आधीच्या तक्रारीला जोडून दिला. अडवलेले ११,२०० अजून हातात आलेले नाहीत.